शेतकऱ्याची वंशावळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी एक म्हण मराठीत फार दिवसांपासून रूढ आहे. या म्हणीत शहाणपण आहे यात संशय नाही. माणसाची योग्यता त्याच्या करणीवरून ठरवावी, तो कोणत्या घरात जन्मला यावरून ठरवू नये, असा तिचा आशय आहे. परंतु जे ऋषीला लागू पडते ते शेतकऱ्याला लागू पडेलच असे नाही. ऋषी घरदार सोडून जातो. त्याचे तप त्याच्याबरोबर जाते. शेतकऱ्याचे कष्ट मात्र त्याच्या मागे जमिनीवर उरतात. दगडगोटे वेचून मोकळे केलेले रान, उतारावर घातलेली ताल, पहार चालवून खोदलेली विहीर आणि बांधावर लावलेले आंब्याचे रोप यांचे फळ पुढच्या पिढ्यांना मिळते. ज्यांच्या श्रमावर आजचे घर उभे आहे ती माणसे कोण होती, हे जाणून घेणे म्हणजे कुळाचा बडेजाव मिरवणे नव्हे. ते ऋण ओळखणे होय.

राजांच्या व सरदारांच्या वंशावळी बखरकारांनी लिहून ठेवल्या. पाटीलकी-देशमुखीच्या वतनावर तंटा उभा राहिला की वादी व प्रतिवादी आपापल्या घराण्याची पिढ्यानुपिढ्यांची हकीकत लिहून देत. तिला करीना म्हणत. असे कितीतरी करीने आजही जुन्या दप्तरांत आहेत. सामान्य कुणब्याजवळ तंटा करण्याएवढे मोठे वतन नव्हते आणि लिहीत बसण्याएवढी सवडही नव्हती. त्यामुळे त्याच्या घराण्याला इतिहासच नाही, अशी पुष्कळांची समजूत झाली. ही समजूत चुकीची आहे. शेतकऱ्याचा इतिहास आहे; मात्र तो एका पोथीत बांधलेला नाही. तो म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत, देवघरातील टाकांत, शेतांच्या नावांत आणि सरकारी दप्तरांत विखुरलेला आहे. ज्याला तो हवा असेल त्याला तो वेचावा लागतो.

या वेचणीचा आरंभ घरातूनच करावा लागतो. घरातील सर्वांत वृद्ध माणूस हा पहिला ग्रंथ होय. त्याला सन विचारला तर सांगता येत नाही; पण काळाच्या खुणा त्याच्याजवळ पक्क्या असतात. कोणी प्लेगात गावाबाहेर झोपड्यांत जन्मला, कोणी मानमोडीच्या साथीत गेला, कोणी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाळण्यात होता, कोणाचे लग्न बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन लागले, असे तो सांगतो. महाराष्ट्रात प्लेगचा पहिला मोठा उद्रेक १८९६-९७ साली झाला. मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. पानशेतचे धरण १९६१ च्या जुलैत फुटले आणि कोयनेचा भूकंप १९६७ च्या डिसेंबरात झाला. या सनांशी आठवणींची सांगड घातली म्हणजे घराण्याचा काळ हळूहळू जुळू लागतो. निरक्षर माणसाची आठवण कच्ची असते असे समजण्याचे कारण नाही. फक्त तिचे पंचांग निराळे असते.

आठवणीनंतर कागद पाहावे लागतात. मुंबई इलाख्यात १९०३ साली जमिनीच्या हक्कांच्या नोंदणीचा कायदा झाला. सातबाराच्या उताऱ्यावर जमीन कोणाच्या नावे आहे ते कळते. परंतु ती त्याच्याकडे कशी आली हे फेरफाराच्या नोंदवहीत पाहावे लागते. अमुक मयत झाला, त्याच्या मागे अमुक अमुक वारस आहेत, असे त्या वहीत लिहिलेले असते. एका फेरफारावरून मागच्या फेरफाराकडे गेले की मुलाकडून बापाकडे आणि बापाकडून आजोबाकडे जाता येते. पाटील व कोतवाल यांच्यामार्फत गावात जन्ममृत्यूची जी नोंद होत असे, तिला लोक कोतवाल-बुक म्हणत. शाळेच्या जनरल रजिस्टरातही मुलाचे नाव, पालकाचे नाव व जन्मतारीख मिळते. मराठवाड्यात निजामी राजवटीचे कागद पुष्कळदा उर्दूत असतात. अन्यत्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे बरेच कागद मोडीत आहेत. ज्या घरात पणजोबांचा दस्त आहे आणि तो वाचणारे कोणी नाही, अशी घरे खेडोपाडी थोडी नाहीत.

त्याच्याही मागे जावयाचे असेल तर आणखी काही वाटा आहेत. पेशवाईत देशावरच्या गावांतून थळझाडा नावाचा कागद असे. गावची जमीन थळांत विभागलेली असे आणि त्या थळांना मूळच्या मिरासदार घराण्यांची नावे असत. पिढीजात हक्काने जमीन धारण करणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. एखादे घराणे निर्वंश झाले किंवा दुष्काळात परागंदा झाले तर त्याच्या जमिनीला गतकुळ म्हणत. माणसे गेली, तरी त्यांचे नाव काही काळ मातीला चिकटून राहिले. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांची नावे पिढ्यानुपिढ्या उतरवलेली आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे आणि उत्तर कर्नाटकात हेळवी नावाचा समाज हेच काम करीत आला आहे. सुगी झाली की हेळवी बैल घेऊन यावा, शेतकऱ्याच्या अंगणात बसावा, त्या कुळाचे मूळ गाव व पूर्वजांची नावे वाचून दाखवावी, घरात झालेल्या नव्या मुलाचे नाव आपल्या वहीत चढवावे आणि धान्याची भिक्षा घेऊन पुढच्या गावी जावे, अशी ती रीत होती.

अशा विखुरलेल्या कागदांचे मोल महाराष्ट्राला इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी पटवून दिले. ते गावोगाव हिंडले, जुन्या वाड्यांतील दप्तरे त्यांनी धुंडाळली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला खंड १८९८ साली निघाला. अस्सल कागद पाहिल्याशिवाय इतिहास सांगू नये, हा त्यांचा धडा होता. तो राज्याच्या इतिहासाला जसा लागू आहे, तसाच एका शेतकऱ्याच्या घरालाही लागू आहे.

इतकी साधने धुंडाळून जी वंशावळ तयार होते ती मात्र बहुधा अपुरी असते, आणि ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. अनेक घरांतील मुले आपल्या सात पिढ्यांची नावे मोठ्या अभिमानाने घडाघडा म्हणून दाखवतात. त्यांनी थोडे गणित करून पाहावे. प्रत्येकाला आई आणि वडील मिळून पूर्वज दोन. त्या दोघांच्या आईवडिलांची संख्या चार, त्यांच्या वरची आठ, मग १६, मग ३२, मग ६४, आणि सातव्या पिढीत १२८. सातही पिढ्यांची बेरीज केली तर ती २५४ भरते. पाठ केलेल्या यादीत नावे असतात सात! उरलेल्या २४७ जणांचे काय झाले? आजूबाजूच्या गावांतच सोयरिकी होत असल्यामुळे काही नावे दोनदा येतील आणि प्रत्यक्ष माणसे थोडी कमी भरतील. पण हिशेबाचा अर्थ त्यामुळे बदलत नाही. त्या २५४ मध्ये निम्म्या, म्हणजे १२७, स्त्रिया असतात. पाठ केलेल्या यादीत त्यांपैकी एकही नसते.

स्त्रियांची नावे कशी हरवली हे पाहण्यासारखे आहे. मुलगी जन्मली की जुन्या नोंदवहीत पुष्कळदा फक्त बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढेच लिहीत. ती शाळेत गेलीच नाही तर रजिस्टरात तिचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नात ताटातील तांदळांवर तिचे नवे नाव लिहिले जाई आणि माहेरचे नाव माहेरीच राही. त्यामुळे दोन गावच्या कागदांत एकच बाई दोन निराळ्या बायका होऊन बसे. तरुणपणी वैधव्य आले, मुले लहान राहिली, तर नांगर धरण्यापासून सारा भरण्यापर्यंत सगळा भार तीच वाही. पण सातबाराला नाव लागे अज्ञान मुलांचे आणि त्यांच्या खाली तिचे नाव येई ते ‘अ. पा. क.’ या तीन अक्षरांमागे. अज्ञान पालनकर्ता असा त्यांचा अर्थ. मुले सज्ञान झाली की ती अक्षरे जात आणि त्यांच्याबरोबर तिचे नावही जाई. बहिणींची नावे लागली तरी ती बहुधा ‘इतर हक्क’ या रकान्यात जात. ज्या शेताची खुरपणी, कापणी, मळणी तिच्या हाताने झाली, त्या शेताच्या कागदावर ती अशी परकी राहिली.

याउलट, जिथे स्त्रियांच्याच हाती स्मरण होते तिथे त्यांनी नावे जपली. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवीत आपल्या आईचे, बापाचे, भावाचे नाव गुंफी, माहेरच्या गावाचे व वाटेचे वर्णन करी. विसाव्या शतकाच्या अखेरीस हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या पुण्याच्या अभ्यासकांनी खेडोपाडीच्या स्त्रियांकडून अशा ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. सरकारी दप्तराला ज्यांची दखल घ्यावीशी वाटली नाही, त्यांचे हे दप्तर होय. शास्त्रानेही या बाबतीत रूढीपेक्षा अधिक औदार्य दाखवले आहे. पितृपक्षातील महालय श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचाही उच्चार होतो आणि आईच्या वडिलांकडील पूर्वजांनाही पिंड दिला जातो. तेव्हा स्त्रियांची नावे वंशावळीत घालणे ही परंपरा मोडणारी गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्याने परंपरेकडे नीट पाहिलेले नसते.

नावे हरवली ती केवळ स्त्रियांचीच नव्हेत. एकत्र कुटुंबात थोरल्या भावाचे नाव सातबाराला लागे आणि पुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असे लिहीत. धाकटे भाऊ त्या अक्षरांत झाकून जात; पुढे ती अक्षरे लिहावयाची राहिली की भावकीत पिढ्यानुपिढ्यांची भांडणे लागत. ज्या चुलत्याला मूलबाळ झाले नाही त्याची शाखा वंशावळीत काढलीच जात नाही. मग विहीर त्यानेच खोदलेली का असेना. जो भाऊ मुंबईच्या गिरणीत गेला आणि तिथेच राहिला, त्याचाही विसर पडतो. कोयना, उजनी, जायकवाडी या धरणांच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांचे देव आणि शेते दोन ठिकाणी वाटली गेली. कुळांची तर गोष्टच निराळी. दुसऱ्याच्या जमिनीत ज्यांनी पिढ्या घालवल्या, त्यांची नावे मालक म्हणून कागदावर येण्यास १९४८ चा कुळकायदा आणि त्यातील दुरुस्तीनंतरचा १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन उजाडावा लागला. आणि ज्याला जमीनच नव्हती त्या शेतमजुराचे काय? शेत त्याच्याही घामाने पिकले. पण फेरफाराच्या वहीत त्याला शोधून उपयोग नाही. त्याची वंशावळ आठवणीतूनच काढावी लागेल, आणि म्हणून ती अधिक त्वरेने काढली पाहिजे.

यावर व्यवहारी माणूस विचारील की, मेलेल्यांची नावे शोधून जिवंतांचे पोट भरते काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही व्यवहारातच आहे. शेतकऱ्याच्या घरी वंशावळ ही भिंतीवर टांगण्याची तसबीर नाही. तिच्यावर जमिनीची वाटणी अवलंबून असते. खातेदार वारला की वारसनोंदीसाठी गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वी ज्याला तलाठी म्हणत त्याच्याकडे, सर्व वारसांची नावे सत्यप्रतिज्ञेवर द्यावी लागतात. त्या वेळी मुलींची नावे गाळणारी घरे अजूनही आढळतात. ‘ती आता सासरची झाली’, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटते. कायद्याला ते मान्य नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला. १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली सबंध देशाने तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. बहिणीने प्रेमाने आपला वाटा सोडला तर ती तिची मर्जी. पण वाटा सोडलेली बहीण ही बहीणच राहते. तिला वंशावळीतच न दाखवणे म्हणजे ती जन्मलीच नाही असे शपथेवर सांगणे होय. आणि खोट्या शपथेवर उभे राहिलेले घर, त्याचा बांध कितीही मजबूत असो, आतून पोखरलेले असते.

काळ बदलत आहे, हेही नमूद केले पाहिजे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बालकाच्या नोंदीत त्याच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावे, असे शासनाने ठरवले आहे. पुढच्या पिढ्यांना आईचे नाव शोधावे लागणार नाही. मागच्या पिढ्यांचे काम मात्र आजच्या मुलांनाच करावे लागेल. कारण ज्यांना ती नावे ठाऊक आहेत ती माणसे वृद्ध झाली आहेत.

या कामात एका मोहापासून मात्र जपले पाहिजे. वंशावळ शोधू लागले की आपले कूळ कोणा राजाला किंवा शूर सरदाराला नेऊन भिडवावे अशी इच्छा होते. आडनाव सारखे असले की नाते जुळले असे वाटू लागते. पैसे दिले की हवी तशी वंशावळ रचून देणारेही जगात मिळतात. अशी वंशावळ खोटी तर असतेच, शिवाय ती आपल्या खऱ्या वाडवडिलांचा अपमान करते. कारण त्यांचे साधे कष्ट आपल्याला पुरेसे वाटले नाहीत, असा तिचा अर्थ होतो. कुळाच्या अभिमानातून दुसऱ्याला हलके लेखण्याची वृत्ती उपजत असेल, तर ती वंशावळ न लिहिलेली बरी. एखाद्या पूर्वजाने भावाची जमीन बळकावली असेल किंवा कोणी सावकाराच्या कर्जात शेत घालवले असेल, तर तेही लिहावे. घराण्याचा इतिहास हा आरशासारखा असावा. त्यात केवळ गोमटेच दिसेल असा आग्रह धरू नये.

ज्या विद्यार्थ्याला हे काम करावयाचे असेल त्याने एक कोरी वही घ्यावी आणि प्रथम आजीजवळ बसावे. तिला तिच्या सासऱ्याचे नाव विचारण्याआधी तिचे स्वतःचे माहेरचे नाव विचारावे, तिच्या आईचे व आईच्या आईचे नाव विचारावे. प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे तिचे गाव लिहावे. प्रत्येक नावासमोर त्या माणसाने मागे काय ठेवले, कोणती विहीर, कोणते झाड, कोणता बांध, तेही टिपून घ्यावे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्यामुळे एकाच नावाची दोन-तीन माणसे सापडतात. त्यांची गफलत होऊ नये म्हणून काळाची खूण लिहावी. नंतर ऐकलेले कागदाशी ताडून पाहावे. कागद आणि आठवण जुळली नाहीत तर एकाला खोटे ठरवण्याची घाई न करता दोन्ही लिहून ठेवावे.

इतके करूनही कित्येक नावे सापडणार नाहीत. एखादी पणजी प्लेगात गेली, तिचे माहेर कोणते, नाव काय, हे सांगणारे आता कोणी उरलेले नसेल. अशा ठिकाणी पणजोबांच्या नावापाशी रेघ थांबवू नये. काहीतरी कल्पनेने नाव घालून जागा भरूही नये. तिथे एक चौकट काढावी आणि ती रिकामी ठेवावी. इथे एक बाई होती, तिने या घरासाठी दळले-कांडले, मुले वाढवली, शेत राखले, आणि तिचे नाव टिपून ठेवण्याची कोणाला आठवण झाली नाही, एवढी गोष्ट ती रिकामी चौकट पुढच्या पिढीला सांगत राहील. ज्या वहीत अशा चौकटी प्रामाणिकपणे काढलेल्या असतील, तीच शेतकऱ्याची खरी वंशावळ होय.